टॅन्सीचे कान

"बसली! अगं बाई, बसली की!"

मी गाडीत एकटीच ओरडले. सीटमागे झोपलेल्या बोसननं, म्हणजे माझ्या म्हाताऱ्या लॅब्रडॉरनं, एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला. त्याला माझ्या ओरडण्याची सवय आहे.

टपालाची लाल गाडी मी गल्लीच्या कडेला लावली होती. इंजिन चालूच होतं. दगडी कुंपणापलीकडे एल्वेड कॉर्फील्डचं कुरण. त्यात एल्वेड उभा, डोक्यावर चपटी टोपी, गळ्यात दोरी, दोरीला शिट्टी. आणि त्याच्यापुढे पन्नास पावलांवर टॅन्सी, त्याची नऊ महिन्यांची स्पॅनियल कुत्री, विटकरी आणि पांढरी, कान जवळजवळ गुडघ्यापर्यंत. नाक गवतात खुपसून ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावत होती. एल्वेडनं शिट्टी ओठांत धरली, उजवा हात वर केला, आणि टॅन्सी होती तिथे बूड टेकून बसली.

हा मंगळवार.

बुधवारी तीच वेळ, तेच कुरण. एल्वेडनं शिट्टी फुंकली, हात वर केला. टॅन्सी पळत सुटली ती थेट ओढ्यापर्यंत. एल्वेड शांतपणे चालत गेला, तिला मानेमागच्या कातडीला धरून उचललं, जिथे बसायला हवं होतं त्या नेमक्या जागी आणून ठेवलं, समोर उभा राहिला आणि परत फुंकलं. बसली. ना रागावणं, ना मारणं. आमच्या खोऱ्यातली जुनी पद्धत ही. चूक जिथे झाली तिथेच परत आणायचं.

गुरुवारी बसली. शुक्रवारी नाही. शनिवारी एकदा बसली, तीनदा नाही.

आता, मला नसत्या चौकशांची खोड आहे हे मी आधीच कबूल करते. एकतीस वर्षं घरोघरी टपाल टाकतेय. ज्या बाईला कुणाचं काय चाललंय याची उत्सुकता नाही, तिनं दुसरं काम बघावं. पण हे कोडं मला झोपेतसुद्धा छळायला लागलं होतं. कुत्रा शिट्टीवर बसतो किंवा बसत नाही. एक दिवसाआड बसणारा कुत्रा मी जन्मात पाहिला नव्हता.

आणि एल्वेडचा कुत्रा? छे! ज्या माणसानं इस्टेटीवर शिकारीच्या रानाचा मुख्य रखवालदार म्हणून चाळीस वर्षं काढली, ज्याच्या हाताखालून सतरा स्पॅनियल तयार होऊन गेले, त्याचा?

एल्वेड माझ्या थोरल्या भावाचा मित्र. मी सात वर्षांची असताना त्यानं मला ओढ्यात ढकललं होतं आणि मग स्वतःच बाहेर काढलं होतं. तेव्हापासून आमचं अरेतुरे. चार वर्षांपूर्वी त्याची बायको मेव्हिस गेली. त्यानंतर त्याची म्हातारी कुत्री मॅब गेली. गेल्या हंगामात गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून तो शिकारीच्या हाक्याला आलाच नाही. या वर्षी मात्र त्याला यायचं होतं. आणि यायचं तर रांगेत, कुत्र्यासकट.

हाक्याची रांग म्हणजे आमच्याकडे मोठी गोष्ट. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत दर शनिवारी आम्ही वीसेक जण काठ्या आणि कुत्री घेऊन रानातून ओळीनं चालतो, फेझंट पक्षी उठवतो, पलीकडे बंदुकवाले उभे असतात. जे म्हातारे झाले, ज्यांना रांगेत चालवत नाही, त्यांना कोपरा मिळतो. रानाच्या एका कोपऱ्यावर उभं राहायचं आणि काठीनं झाडावर टक्‌टक् करायची, म्हणजे पक्षी बाजूनं पळून जात नाहीत. एवढंच काम. आमच्या खोऱ्यात एखाद्याला कोपरा मिळाला म्हटलं की लोक आवाज खाली आणून बोलतात.

"मला कोपरा नको, हेस्टर," एल्वेड मला उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच म्हणाला होता. "कोपऱ्यावरच्या माणसाला लोक जेवायला बोलवायचं विसरतात. मी स्वतः म्हाताऱ्या एमोसला विसरलो होतो. दोन हाके झाले, जेवण झालं, चहा झाला, आणि तो बापडा अजून तिकडे टक्‌टक् करतोय."

पण रांगेत यायचं तर कुत्रा पसंत व्हायला हवा. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मुख्य रखवालदार नव्या कुत्र्यांची परीक्षा घेतो. नियम एकच: शिट्टीला थांबेल तो रांगेत. एक जरी कुत्रा थांबला नाही तर सगळे पक्षी एकदम उठतात, खालून उडतात, आणि खालून उडणाऱ्या पक्ष्यावर कुणी बंदूक चालवली तर मग देवच वाचवो. हा नियम एल्वेडनंच घातलेला. या नियमापायी त्यानं स्वतःच्या मेव्हण्याचा कुत्रा, मेव्हण्यासकट, रांगेतून काढला होता. मेव्हणा पाच नाताळ त्याच्याशी बोलला नाही.

म्हणजे टॅन्सी बसली नाही तर एल्वेड कोपऱ्यावर. इतकं साधं होतं.

मी नोंदी ठेवायला लागले. गाडीत जाहिरातींचे कागद पडलेले असतात, त्यांच्या पाठीवर. वारा कुठून होता. शेजारच्या कुरणात मेंढ्या होत्या का. एल्वेडनं टोपी घातली होती की नव्हती. एक आठवडा मला खात्रीच वाटली की टोपीमुळे आहे. मग तो तीन दिवस टोपी घालूनच आला आणि माझा सिद्धान्त ओढ्यात बुडाला.

"ती लहानपणी कशी होती?" मी त्याला टपाल देताना विचारलं. मोठ्यानं. त्याच्याशी सगळेच मोठ्यानं बोलायचे. रखवालदारांच्या कानांना बंदुकींनी दडे बसलेले असतात, त्यात कुणाला काही नवल वाटत नाही.

"कोण, टॅन्सी? अगं, दोन महिन्यांची होती तेव्हा तर राणी होती," तो म्हणाला. "स्वयंपाकघरात वाडगा हातात धरायचा, दुसरा हात वर, शिट्टी, की बसलीच. मग वाडगा खाली. तीन दिवसांत शिकली. मेव्हिसच्या लोकरी मोज्याची गुंडाळी फेकली की आणून हातात द्यायची. दिवसातून दोनदाच फेकायची, तिसऱ्यांदा नाही, कंटाळायला नको. वाडग्याचं झाकण दुसऱ्या खोलीत आपटलं तरी मान वर करत नव्हती. बंदुकीला भिणार नाही हे मला तेव्हाच कळलं."

"मग आता काय झालं?"

"डोक्यात वारं शिरलंय. मोठी व्हायला लागली की शिरतं. तुझ्याही शिरलं होतं."

"माझ्या अजून आहे," मी म्हणाले, आणि गाडी चालू केली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, मला उलगडलं. म्हणजे अर्धं उलगडलं. टॅन्सी धावताना अचानक वळली, तिचं तोंड एल्वेडकडे झालं, आणि त्याच क्षणी त्याचा हात वर गेला. बसली. पुढच्या वेळी तिची पाठ होती. नाही बसली. तोंड, बसली. पाठ, नाही. मी गाडीच्या काचेवर कपाळ टेकवून मोजत राहिले. सहापैकी सहा वेळा.

इंजिन बंद करून मी खाली उतरले आणि फाटकावरून चढून सरळ कुरणात गेले.

एल्वेडनं माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं मी चर्चमध्ये चिखलाचे बूट घालून शिरलेय. पिल्लाच्या शिक्षणाला पहिलं वर्ष प्रेक्षक चालत नाहीत, ही त्याची अट. एकटा माणूस, एकटं पिल्लू. म्हणून तर एवढे दिवस मी गाडीतून बघत होते.

"हेस्टर, शाळा चालू आहे."

"मी इन्स्पेक्टर आहे. एल्वेड, एकदा हात खिशात घालून फुंक."

"का म्हणून?"

"घाल ना हात खिशात! तुझं काय जातंय?"

त्यानं पुटपुटत डावा हात खिशात घातला, मग उजवा. शिट्टी दातांत धरली. टॅन्सी समोर दहा पावलांवर उभी, त्याच्या तोंडाकडे बघत. त्यानं गाल फुगवून फुंकलं.

टॅन्सीनं शेपटी हलवली. बसली नाही. आणि मी, त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी, मला ऐकू आलं ते फक्त 'फुस्स'. कुणीतरी चहाच्या कपावर फुंकर घालावी तसं.

"आण इकडे," मी म्हणाले.

शिट्टी हातात घेऊन उजेडाकडे धरली. आत बिस्किटाचा चुरा, लोकर, आणखी काय काय ओलं होऊन घट्ट बसलेलं. हा माणूस कुत्र्याची बिस्किटं आणि शिट्टी एकाच खिशात ठेवायचा. मॅब शेवटची तीन वर्षं ठार बहिरी होती, ती रांगेबाहेर राहून नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर काम करायची, तेव्हा ही शिट्टी कधी मेली ते देवाला ठाऊक. टॅन्सीनं जन्मात शिट्टी ऐकलीच नव्हती. तिनं वाडग्यावरचा वर गेलेला हात शिकला होता, दुसरं काही नाही.

मला हसू फुटलं. खरंच सांगते, आनंदानं फुटलं. एवढंच होतं! मी केसातली पिन काढली, सगळा चोथा उकरून काढला, शिट्टी बाहीला पुसली आणि जोरात फुंकली.

काय ती किंकाळी! कुंपणावरून चार काळे पक्षी फडफडत उडाले. गाडीतून बोसन भुंकला. आणि टॅन्सी, बिचारी टॅन्सी, पोट जमिनीला लावून, कान मागे टाकून सुसाट पळाली आणि फाटकाखालून माझ्या गाडीखाली जाऊन बसली.

एल्वेड तिच्याकडे बघत राहिला.

"काय झालं हिला?" तो म्हणाला. "गांधीलमाशी चावली का काय?"

शिट्टी अजून माझ्या हातात होती. एल्वेडनं शिट्टीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, उडालेल्या पक्ष्यांकडे पाहिलं. मग शिट्टी माझ्या हातातून घेऊन त्यानं स्वतः फुंकली. इतक्या जवळून ती इतकी कर्कश वाजली की माझे हात आपोआप कानांवर गेले.

माझ्या कानांवरच्या हातांकडे तो बघत राहिला.

"वाजली?"

"वाजली."

त्यानं परत फुंकली. "आत्ता?"

"आत्तासुद्धा वाजली, एल्वेड."

पालथ्या घातलेल्या बादलीवर तो खाली बसला. शिट्टी बोटांत फिरवायला लागला.

"बोललेलं कळतं गं मला," तो म्हणाला. "जाड आवाज कळतात. गाडी, गाय, त्या रखवालदार गेथिनचं ओरडणं. बारीक सारीक जायला लागलंय, ते मला माहीत होतं. रांगेत शेजारचा थांबला की मी थांबायचो. घरी किटली शिटी मारायला लागली की मेव्हिस ओरडायची. ते कानाचं यंत्र दिलंय दवाखान्यातून, ते ड्रॉवरमध्ये आहे. त्यात माझं स्वतःचं चावणं ऐकू येतं, वारा ऐकू येतो. ही एवढी शिट्टी नाही येत." मग त्यानं गाडीकडे पाहिलं. "चाळीस वेळा तरी उचलून आणलं असेल मी तिला, हेस्टर. परत त्याच जागी. आणि तिची काहीच चूक नव्हती."

त्याचे डोळे भरून आले होते. माझेही. मी गाडीखाली वाकून टॅन्सीला बाहेर काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. तिनं त्याची हनुवटी चाटली. कुत्री हिशेब ठेवत नाहीत, तेवढं एक बरं असतं.

परीक्षेला सहा आठवडे होते.

"दुसरी घेऊ या शिट्टी," मी म्हणाले. "जाड आवाजाची. तुला ऐकू येईल अशी."

"नाही चालणार. रांगेत सगळ्यांची एकच शिट्टी. कुणीही फुंकली तरी कुत्रा थांबला पाहिजे."

"हा मूर्ख नियम कुणाचा?"

"माझाच," तो म्हणाला.

मग आम्ही पार मुळापासून सुरुवात केली. मी तिला घाबरवून ठेवलं होतं, ते आधी निस्तरायचं होतं. मी धान्याच्या कोठाराच्या मागे, दोनशे पावलांवर उभी राहायचे आणि अगदी हळू, श्वास सोडल्यासारखी फुंकायचे. त्याच वेळी एल्वेड वाडगा पुढे धरायचा आणि हात वर करायचा. रोज थोडी जवळ. आठवड्यानं मी दारात होते. दहाव्या दिवशी शिट्टी आधी, हात नंतर. पंधराव्या दिवशी हात नाहीच. सतरा स्पॅनियल तयार करणारा माणूस स्वयंपाकघरात अठराव्याला पहिला धडा परत शिकवत होता, आणि मला म्हणत होता, "हळू, बाई, हळू. तू टपाल टाकत नाहीयेस. तिला विचार करायला वेळ दे."

पण खरी अडचण पुढे होती. शिट्टी एल्वेडनं फुंकायची, आणि ती वाजली की नाही ते त्यालाच कळायचं नाही. कधी नुसती हवा जायची, कधी अर्धवट चिरकायची.

त्यावरचा उपाय त्यानं स्वतः शोधला. एका सकाळी मी फाटकाशी उतरले, तर तो पाठमोरा उभा राहून म्हणाला, "आलीस? दोन पाकिटं आणि एक मासिक, ना?"

"तुला कसं कळलं?"

"टॅन्सीनं सांगितलं." तो वळला, हसत. "पाकिटं किती ते अंदाजानं ठोकलं. पण तू आलीस ते तिच्या कानांनी सांगितलं. बघ हां."

त्यानं शिट्टी फुंकली. टॅन्सीच्या कानांची मुळं वर उचलली गेली, टोकं तशीच लोंबत राहिली, आणि ती बसली. "हे वाजलं. आणि आता बघ." त्यानं परत फुंकली, मुद्दाम फुसकी. कान हलले नाहीत. "हे नाही वाजलं. बरोबर?"

"बरोबर!"

त्या दिवसापासून त्याला खेळच मिळाला. किटली उकळली की टॅन्सीचे कान. दारावर कुणी आलं की टॅन्सीचे कान. एकदा तिनं सफरचंदाच्या झाडाकडे मान वाकडी करून बघितलं, आणि तो मला म्हणाला, "काय आहे तिकडे?"

"रॉबिन पक्षी गातोय."

"अस्सं?" तो झाडाकडे बघत राहिला. "मला वाटलं, या भागातले रॉबिन गेले सगळे. सहा वर्षं झाली." मग टॅन्सीच्या डोक्यावर थोपटत म्हणाला, "चांगलं गातोय का गं?" तो मला विचारत होता की तिला, ते मला कळलं नाही. म्हणून मीच उत्तर दिलं, की हो, चांगलं गातोय.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार उजाडला. आकाश भरलेलं, वारा जवळजवळ नाही. डोंगराच्या उतारावर नेचे कमरेएवढे वाढून तांबूस झाले होते. नवा कुत्रा आमचा एकच होता. परीक्षेला गेथिन, इस्टेटीचा आत्ताचा मुख्य रखवालदार. सोळाव्या वर्षी एल्वेडच्या हाताखाली लागलेला हा मुलगा आता चाळिशीला आला होता.

"काका, तुमची परीक्षा मी घ्यायची म्हणजे..." तो टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला. "मला रात्रभर झोप नाही."

"नीट घे," एल्वेड म्हणाला. "सोडलंस तर कान पिरगळीन."

मी आणि एल्वेड शेजारी शेजारी चालायला लागलो. गेथिन आमच्या मागे चाळीस पावलांवर. टॅन्सी नेच्यांत शिरली आणि दिसेनाशी झाली. फक्त नेच्यांचे शेंडे हलताना दिसत होते, डावीकडे, उजवीकडे.

"थांबवा!" गेथिन ओरडला.

एल्वेडनं फुंकली. टॅन्सीचे कान दिसत नव्हते. वाजली की नाही हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता. मला कळलं होतं, पण मी मान हलवायची नाही असं त्यानं मला बजावलं होतं. तो नेच्यांकडे बघत उभा राहिला. शेंडे हलायचे थांबले. मी जाऊन नेचे बाजूला केले, तर बाईसाहेब बसलेल्या, जीभ बाहेर, मजेत.

मग सशाच्या कातड्याची गुंडाळी. गेथिननं ती तिच्या नाकासमोरून फेकली. बसून राहिली. नाव घेतल्यावरच गेली, घेऊन आली, एल्वेडच्या हातात दिली. दोन आखूड शिट्ट्या फुंकल्यावर वळली. सगळं झालं.

"एकच राहिलं," गेथिन म्हणाला. "चला पुढे."

आम्ही परत चालायला लागलो. आता उतार उघडा होता, नेचे संपून आखूड गवत लागलं होतं. टॅन्सी पुढे वीस पावलांवर. मागून गेथिननं स्वतःची शिट्टी फुंकली. लांब, एकच सूर. रांगेनं थांबायची शिट्टी.

टॅन्सी बसली. मी थांबले. तीस वर्षांची सवय, पाय आपोआप थांबतात.

एल्वेड चालत राहिला, उतारावर गुडघा सांभाळत, नजर पायांखाली.

दोन पावलं, चार, सात. आम्ही दोघं स्वतःला केवढे शहाणे समजत होतो! सहा आठवडे कुत्रीचाच विचार केला. रांगेत माणसानंही थांबायचं असतं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. मला हाक मारावीशी वाटली. पण कसलीही खूण करायची नाही, असं त्यानंच मला बजावलं होतं.

तो टॅन्सीपर्यंत पोचला. ती का बसलीय हे त्याला कळेना. "चल," तो म्हणाला. "चल पुढे, पोरी." टॅन्सी हलली नाही. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. तिचे कान उचललेले होते आणि नजर त्याच्या पायांच्या मधून मागे, गेथिनकडे होती.

एल्वेडनं तिच्या कानांकडे पाहिलं. मग हळूच मागे वळला. मी सात-आठ पावलं मागे उभी. माझ्याही मागे गेथिन, शिट्टी अजून तोंडात. एल्वेडला सगळं कळलं.

गेथिनचा चेहरा लाल झाला होता. तो भरभर चालत आला.

"काका, वारा होता. मी हळू फुंकली होती."

"वारा कुठाय?" एल्वेड म्हणाला. "खोटं बोलायला मी तुला शिकवलेलं नाही."

गेथिननं शिट्टी खिशात सरकवली.

"कुत्री कशी आहे?"

"कुत्री एक नंबर, काका. अशी कुत्री दहा वर्षांत बघितली नाही."

"आणि नियम काय आहे?"

"राहू द्या ना तो. तुम्ही मधोमध चाला, दोन्ही बाजूंना आपली माणसं देतो..."

"नियम काय आहे, गेथिन?"

गेथिननं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"शिट्टीला थांबेल तो रांगेत," तो म्हणाला. शाळेतल्या पोरासारखा, जमिनीकडे बघत.

एल्वेडनं मान हलवली. मग त्यानं गळ्यातली दोरी टोपीवरून काढली आणि माझ्या गळ्यात घातली. शिट्टी माझ्या कोटाच्या बटणावर आपटली.

"टॅन्सी रांगेत जाईल, हेस्टरबरोबर. बोसन आता चालत नाही, तिलाही कुत्रा हवाच आहे. मला कोपरा दे. ओढ्याच्या बाजूचा दे, तिथे निवारा आहे." तो दोन पावलं गेला आणि थांबला. "आणि मला जेवायला बोलवायचं विसरलात, तर दोघांचीही खैर नाही."

घरी जाताना मी गाडीत त्याच्यावर भडकले. म्हटलं, गेथिन सोडत होता, तुला काय नडलं होतं? सहा आठवडे माझा घसा आणि तुझा गुडघा झिजवला तो कशासाठी? तो खिडकीबाहेर बघत होता, टॅन्सीचं डोकं त्याच्या गुडघ्यावर.

"मेव्हणा पाच वर्षं बोलला नाही माझ्याशी," तो म्हणाला. "मी आज रांगेत राहिलो असतो, तर तो थडग्यातून उठून बोलला असता." मग जरा वेळानं, "वाईट वाटतंय गं. खूप वाटतंय. पण तू ओरडू नकोस. तुझं ओरडणं मला नीट ऐकू येतं."

नोव्हेंबरचा पहिला शनिवार. गवतावर दहिवर. आम्ही वीस जण रानात ओळीनं उभे राहिलो, मी डाव्या टोकाला, म्हणजे ओढ्याच्या बाजूला. ती जागा मी गेथिनकडे भांडून घेतली होती. खांद्यावरच्या पिशवीत मनुकांचा पाव होता, दोघांचा, कारण माझा कुणावर विश्वास नाही.

रांग चालायला लागली. काठ्यांचे आवाज, कुत्र्यांचे श्वास. टॅन्सी माझ्यापुढे पानांतून डावी-उजवी करत होती. जन्मभर हेच करत आलीय असं वाटावं इतकी सहज. झाडं विरळ झाली तसा मला कोपरा दिसला. एल्वेड एका ओकशेजारी उभा होता, गळाबंद कोट, चपटी टोपी. काठीनं खोडावर टक्, टक्, टक्. तो टॅन्सीकडे बघत होता. माझ्याकडे नाही.

रानाच्या कडेला पक्षी गोळा झाले होते, झुडपांत त्यांचं कुजबुजणं कळत होतं. रांगेच्या मधून गेथिनची शिट्टी आली, लांब, एकच सूर.

मी थांबले. सगळे थांबले. टॅन्सीच्या कानांची मुळं उचलली गेली आणि ती पानांत बसली.

साठ पावलांवर टक्‌टक् बंद झाली. शिट्टी त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं. एल्वेडनं काठी काखेत धरली, सरळ उभा राहिला आणि उजवा हात वर केला. टॅन्सी त्याच्याकडे बघत होती.

रांग पुढे सरकेपर्यंत त्यानं तो हात खाली घेतला नाही.